मोडक्या सुयांची डबी

रोपाला कुंपण घालणारा एक असतो. त्या कुंपणाचे काटे सोसणारा बहुधा दुसराच. स्वराज्याच्या सातव्या वर्षी विलायती शिवणसुयांवर जबर जकात बसली आणि चिंचवडच्या उद्धवरावांचा सुयांचा कारखाना तगला. पिंपरीत चोळ्या शिवून पोट भरणाऱ्या शालनबाईंना मात्र आता उद्धवरावांच्याच सुया घेणे भाग पडले, आणि त्या सारख्या मोडत.

एके सकाळी शालनबाईंनी उद्धवरावांपुढे डबी रिती केली. कुणाच्या पायात रुतू नयेत म्हणून जपलेल्या शंभरेक मोडक्या सुया!

"बाई, बदलून देतो," उद्धवराव ओशाळले.

"बदलून काय करू? ती बी मोडंल. समद्या एकाच जागी मोडल्यात, ते बघा की!"

उद्धवरावांनी भिंग लावले. प्रत्येक सुई नेढ्यापाशीच तुटली होती. नेढे पाडण्यातला दोष सापडला, दुरुस्त झाला; पुढे सुई मोडेनाशी झाली.

तीन वर्षांनी सरकारी अधिकारी चौकशीस आले. "जकात आणखी किती वर्षे ठेवावी? विलायती माल स्वस्त झाला, तर तुमच्या चाळीस कामगारांचे काय?"

उद्धवरावांनी देव्हाऱ्यातून ती डबी आणून त्यांच्यापुढे ठेवली.

"आमचं शिकणं ही डबी भरणाऱ्या माउलीनं सोसलं, साहेब. आता आमची सुई टिकते; जकातीचं कुंपण काढा."

घडवणाऱ्या आणि शिवणाऱ्या, दोन्ही हातांचे कल्याण असो.