नवरात्रातलं काजळ

"आई, थांबा जरा. ह्या शाईत कातडं आहे."

सून मयुरी दारात उभी होती. एका हातात शाईच्या कांडीचं खोकं, दुसऱ्या हातात मोबाइल. खोक्यावरची चिनी अक्षरं मोबाइलनं मराठीत करून दाखवली होती. काजळी, कापूर आणि जनावराच्या कातड्याचा सरस.

रुख्मिणीचा हात उगाळायच्या दगडावरच थांबला. बावीस वर्षं तिचा हा नेम होता. आंघोळ, देवपूजा, पोथीचा एक अध्याय आणि मग नवऱ्यासाठी शाई. सहाणेवर गंध उगाळावं तशी ती कांडी उगाळायची. तीही एक पूजाच, असं धरून चालली होती. गळ्यातल्या तुळशीच्या माळेला तिचा हात आपोआप गेला, आणि बोटं काळी आहेत हे पाहून तसाच मागे आला.

"काऊन थांबली?" आतून हेमराज गुरुजी ओरडले.

"आता हे माझ्यानं होणार नाई."

"बावीस वर्षं उगाळली, तवा नाई बाटली तू?"

"तवा माहीत नव्हतं. आता माहीत हाय."

गुरुजी चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. तरुणपणी कलकत्त्याला राहून चिनी शाईचं काम शिकून आले होते. पुढे पुस्तकांतून विलायतेतल्या नव्या चित्रांचं वेड लागलं. दोन्हींची सांगड घालून ते फुलं काढायचे. देठ-पानं एका दमात ओढलेल्या काळ्या फटकाऱ्यांची, आणि फुलं म्हणजे रंगाचे मोठे, सपाट, धीट तुकडे. पिपरी मेघेतल्या शेजाऱ्यांना त्यातलं फारसं काही कळत नसे. पण यंदा कोजागिरीला वर्ध्यात त्यांचं प्रदर्शन होतं. सत्तराव्या वर्षी, पहिलंच. मधली मोठी भिंत त्यांनी पऱ्हाटीसाठी राखून ठेवली होती. कपाशीचं फूल सकाळी पिवळं उमलतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. ते त्यांना दहा फुटी कागदावर काढायचं होतं. कागद कोराच होता.

गुरुजींचं मनगट दुखायचं, त्यांना स्वतःला तासभर उगाळणं जमत नसे. बाटलीतल्या तयार शाईला ते नालीचं पाणी म्हणत. मयुरीनं दोन दिवस उगाळून पाहिलं. "हे काळं नाई बेटा, पाटी पुसल्यावानी दिसते," म्हणाले. रुख्मिणीला माळ घालून कातड्याला हात लाववेना, आणि ती कोरी भिंतही डोळ्यांपुढून हलेना.

घटस्थापनेला तिनं अखंड दिवा लावला. संध्याकाळपर्यंत कोनाड्यावर काजळी धरली. ती पुसायला गेली आणि तशीच उभी राहिली. ह्याच दिव्याचं काजळ तिनं मुलाच्या, अंकितच्या, तान्हेपणी डोळ्यांत घातलं होतं. मग फुलानं काय घोडं मारलंय?

तिनं दिव्यावर काशाची थाळी उपडी मांडली. देवळीहून भावाकडून, तानबाकडून, सरसाऐवजी बाभळीचा डिंक मागवला. आणि रोज पोथी झाली की खल घेऊन घोटायला बसू लागली.

पहिल्या दिवशी काजळ पाण्यावर नुसतं तरंगत राहिलं. चौथ्या दिवशी शाई जमली, पण कागद गुंडाळला की पापुद्रे सुटले. "चित्र काढून राह्यलो का पापड?" गुरुजी म्हणाले. खलातला बत्ता आणि ओठांतला जप एका लयीत चालू राहिला. सातव्या दिवशी पंचामृत कालवताना बोटाला मध लागला. बोट मिटलं, उघडलं. मध तुटला नाही. तिनं खलात थेंबभर मध टाकला आणि पुन्हा घोटलं. कागद गुंडाळला, उलगडला. काळं जिथल्या तिथं होतं.

दसऱ्याला पाटावर कुंचल्यांची पूजा झाली. गुरुजींनी आधी पिवळं फूल रंगवलं, मग कुंचला शाईत बुडवला आणि पहिला फटकारा ओढला. शाई कागदात शिरली आणि पसरू लागली. हळू, काठाला धुरासारखी फिकी होत.

"ही थांबत नाई," गुरुजी वैतागले. "पिवळ्यात घुसून राह्यली."

"मग तुमी थांबा," रुख्मिणी हळूच म्हणाली. "तिले जाऊ द्या."

गुरुजींनी तिच्याकडे पाहिलं. कुंचला वर धरून थांबले. काळं सरकत सरकत पिवळ्याच्या कडेशी आलं आणि तिथंच मुरलं. उन्हात फुलाची सावली पडावी तसं. पुढचे चार दिवस गुरुजी जेवायलासुद्धा हाक मारल्याशिवाय उठले नाहीत.

कोजागिरीच्या सकाळी मधल्या भिंतीपुढं गर्दी जमली. नागपूरच्या एका कला महाविद्यालयात शिकवणारी मोहिनी नावाची बाई चित्राला नाक लावून उभी होती.

"गुरुजी, हे काळं कुठून मागवलं? चीनहून, का जपानहून?"

गुरुजींनी चित्राखाली स्वतः लिहिलेल्या चिठ्ठीकडे बोट दाखवलं. हॉलमधल्या बाकीच्या सगळ्या चिठ्ठ्यांवर 'चिनी शाई' लिहिलेलं होतं. रुख्मिणी मागं पदर सावरून उभी होती. लग्नातला उखाणा सोडला तर सदतीस वर्षांत गुरुजींनी तिचं नाव कधी तोंडानं घेतलं नव्हतं. 'अवं', 'ऐकतं का', 'अंकितची माय', एवढ्यावर संसार झाला होता.

मोहिनी वाकली आणि शिकवायची सवय असलेल्या खणखणीत आवाजात तिनं वाचलं, "पऱ्हाटी. कागदावर जलरंग आणि रुख्मिणी शाई."