पेंग्विनचा खडा

"ऑक्टोपसला तीन हृदयं असतात," दागोबेर्तोने रिकामा पेला परत देत सांगितलं. "आणि तो पोहायला लागला की त्यातलं एक चक्क थांबतं."

"अगोबाई," नीबिया म्हणाली. "पुढे?"

पुढचं दागोबेर्तोला ठाऊक नव्हतं.  नीबियाने पेल्यातल्या येर्बाच्या, म्हणजे तिकडच्या कडवट चहाच्या, पाल्यावर पुन्हा गरम पाणी ओतलं.

सकाळी तिच्या लोकरीच्या दुकानापुढच्या बाकावर हे असं चाले. दागोबेर्तोचा जन्म साल्तो गावाच्या रस्त्यांवर बस हाकण्यात गेला. शाळेशी त्याचं कधी जमलं नाही. पण हल्ली त्याच्या तोंडून ज्ञान नुसतं वाहत होतं.

"तुम्हाला हे सगळं कळतं तरी कुठून?" नीबिया विचारायची.

"माणसाने डोळे उघडे ठेवावेत," तो म्हणायचा.

त्याचे डोळे उघडे असत ते फोनवर. नीबियाच्या भाचीने फोन दुरुस्त करून देताना त्यात 'रोजचं नवल' नावाचं एक पान लावून दिलं होतं. दाढी करताना तो ते पाठ करी आणि बाकावर येऊन स्वतःचं म्हणून खपवी. विधवा बाईवर छाप पाडायला एवढी लबाडी चालते, असं त्याचं मत होतं.

मागच्या आठवड्यात नीबिया म्हणाली होती, "पुढच्या रविवारी दुकान बंद करून मुलीकडे राजधानीत, मोंतेविदेओला जाते. कायमचीच. इथे मला थांब म्हणणारं कोण आहे?"

दागोबेर्तो बाकावरून अर्धवट उठला आणि परत बसला. तो म्हणाला, "शास्त्राच्या हिशेबाने केळं हे बेरीच्या जातीत मोडतं. स्ट्रॉबेरी मोडत नाही."

नीबियाने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं होतं.

मग पानावर आलं, की समुद्रघोड्यांची जोडी रोज सकाळी भेटून नाचते. नंतर आलं, की पाणमांजरं झोपेत लांब वाहून जाऊ नयेत म्हणून कधी कधी एकमेकांचा हात धरतात. दोन्ही गोष्टी त्याने तिला गंभीरपणे सांगितल्या, स्वतःचे हात खिशात ठेवून.

शनिवारी पानावर पेंग्विन आला. नर एक खडा निवडतो आणि मनात भरलेल्या मादीपुढे नेऊन ठेवतो. दागोबेर्तोचा वस्तरा गालावरच थांबला. अर्धी दाढी तशीच ठेवून तो नदीवर गेला आणि खडे चाळत बसला.

बाकावर आल्यावर त्याने एक तांबूस खडा तिच्या हातात दिला.

"हे काय?"

"पेंग्विन असतात ना," तो म्हणाला, "त्यातला जो नर..." आणि पुढचं सोडून तो खडा तिच्या तळहातावर नीट सरळ करू लागला.

"हं," नीबिया म्हणाली. आज तिने पुढे काय ते विचारलं नाही. पेला भरून त्याच्यापुढे धरला.

त्याने तो नळीने एका दमात ओढला. जीभ पोळली. पेला परत देताना त्या गडबडीत तो म्हणून गेला, "आभारी आहे."

त्या गावात पेला परत देताना कुणी आभार मानत नाही. मानले, की पुरे झालं, निघतो, असा अर्थ. हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं.

नीबियाने थर्मासचं झाकण लावलं.

"अहो, नाही," दागोबेर्तो उठलाच. "ते चुकून निसटलं. मला पुरे झालेलं नाही. तुमच्या हातचं मला कधीच पुरे होणार नाही. तुम्ही जाऊ नका."

"मग हे सांगायला केळी न् ऑक्टोपस कशाला लागतात, बसवाले?" तिने झाकण पुन्हा काढलं. "मुलगी येईल इकडे भेटायला. बसा खाली. आणि उद्या पूर्ण दाढी करून या."

पण त्याच्याने बसवेना. इतका आनंद घेऊन बाकावर बसता येत नाही. बेकरीतून काहीतरी गोड आणतो, असं सांगून तो निघाला, आणि रस्त्यात भेटेल त्याला विनाकारण हात करत गेला.

नीबिया डोळे पुसत दुकानात आली. भाची आत गिऱ्हाईकाच्या लोकरीचे गुंडे बांधत होती.

"मावशी, उद्याचं नवल सांग लवकर. पानावर टाकायचंय."

"काही टाकू नकोस, बंद कर ते पान," नीबिया म्हणाली. "आपल्याला वाचक एकच होता, आणि त्याला कळलं एकदाचं."