उपाशी वाफा

"दोन्ही वाफ्यांतली नाचणी सारखीच उंच!" टेप गुंडाळत शास्त्रज्ञ मॅडम मटकन बांधावर बसल्या. "म्हणजे माझं नवं खत कुचकामी. तीन वर्षांची मेहनत पाण्यात."

त्यांचा उतरलेला चेहरा कौतिकाबाईला बघवेना. "खताला बोल नका लावू, मॅडम. बिनखताचा ठेवायचा होता त्या वाफ्यात मीच गुपचूप शेणखत घातलं. शेजारी-शेजारी वाढणारी लेकरं ती. एकाला तूप-भात नि दुसरं उपाशी? मला नाही जमलं."

आता आपलं शेत प्रयोगातून गेलंच, असं तिने धरलं. मॅडमनी मात्र वहीतल्या आकड्यांवर शांतपणे काट मारली आणि तिचा हात धरला. "खरं बोललात म्हणून खत वाचलं. पुढच्या वर्षी पुन्हा तुमच्याच शेतात. तेवढं मन घट्ट करा हं."

पुढचा अख्खा पावसाळा कौतिकाबाई लांबच्या बांधाने घरी गेली. उपाशी वाफ्याशी नजरानजर नको म्हणून.