राजवाड्यातला सत्कार

जुना राजवाडा आता समारंभांना भाड्याने मिळतो. तिथे महिला सरपंचांचा सत्कार होता. खाली दरबारातल्या खुर्च्या पुढाऱ्यांनीच भरल्या, म्हणून सत्काराच्या बायांना वर जाळीमागच्या सज्ज्यात बसवलं. "ताई, पूर्वी राण्याही इथूनच दरबार पाहायच्या!" आयोजक कौतुकाने म्हणाले.

नरडाण्याकडच्या सरपंच दीपमालाने धडपडून गावात नळाचं पाणी आणलं होतं. आज तरी आपलं नाव आपल्याच कानांनी ऐकून मंचावर जायचं, एवढीच तिची हौस. नाव पुकारलं. पदर सावरत ती जिना उतरून येते, तर नवरा प्रेमराज शाल पांघरून, नारळ घेऊन माइकपाशी उभा! तिला पाहून त्याचा जीव भांड्यात पडला.

"बरं झालं आली व! हाई नारळ धर. माले आता साऱ्या महिलांच्या वतीनं बोलनं शे."