घरचं पाणी

हिजामा, म्हणजे पाठीला बारीक चिरे देऊन, कप लावून रक्त काढायचं, तर आदल्या दिवसापासून भरपूर पाणी प्या, असं तळेगावच्या रहीमचाचांनी बजावलं होतं. म्हणून गेणबाआप्पांनी घरातल्या जारचं पाणी पोटभर ढोसलं आणि येताना त्याचीच बाटली भरून आणली. चाचींनी पेला पुढं केला, तसं त्यांनी नाक मुरडलं.

"आमी तुमच्यातलं पाणी पीत न्हाई."

रक्त काढायला मात्र म्हाताऱ्याला यांचाच हात चालतो, सून मोनिकाच्या मनात आलं.

निघताना अंगणात चाचांचा भाऊ टेम्पोत पाण्याचे जार चढवत होता. "ताई, उद्या रोजच्यासारखा एकच जार टाकू ना?"

 

"दोन टाका," आप्पांकडं बघत मोनिका म्हणाली. "त्यांना लई पाणी प्यायला सांगितलंय."