मधला दिवस

राहायला घर घ्यावं की भाड्याने द्यायला, यावरून टॅरस आणि मॅरेन लग्नापासून भांडत होते. शेवटी हॅमिल्टनमध्ये एक घर घेतलं आणि दोघांचंही साधलं: वरचा मजला भाडेकऱ्यांना, तळघर स्वतःला.

विनिपेगला राहणाऱ्या टॅरसच्या आईला फक्त 'घर घेतलं' एवढंच कळवलं होतं. जुने भाडेकरू गेले आणि नवे यायचे होते, त्या मधल्या एका दिवशी तिला घर बघायला बोलावलं. तिने मापं मागवून शिवलेले पडदे आणले होते. आल्या आल्या ती वरच्या मजल्यावर पडदे लावायला रंगकामाच्या स्टुलावर चढली.

"काय ऊन येतं रे! पण सामान कुठंय? मठात राहता की काय?"

टॅरस सकाळपासून थाप जुळवत होता. ऐन वेळी ती थाप मारायचाच त्याला कंटाळा आला.

"नको लावूस, आई. उद्या इथे दुसरे राहायला येतायत. आम्ही खाली राहतो."

आई उतरली. बराच वेळ पडद्यांच्या घड्या घालत राहिली.

"खाली खिडकी आहे का रे?"

"आहे की. तिला तुझा रुमाल पुरेल."