कॅमेऱ्याचं कार्ड

"आमच्याम्होरं लाव ते कॅमेऱ्याचं कार्ड," गजराबाई म्हणाली. तिची शेळी काल बिबट्याने नेली होती. वनचौकीच्या दारात अख्खी वस्ती काठ्या घेऊन उभी होती. बिबट्या उसात दिसला, तर फड पेटवायचं ठरलं होतं.

वनरक्षक नूतनने फडात लावलेल्या कॅमेऱ्यातून कार्ड काढून आणताना कडेला छोट्या पंजांचे ठसेही पाहिले होते. म्हणून कार्ड लावायचं आणि खराब झालंय म्हणून सांगायचं, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं.

कार्ड आत गेलं आणि तिला आठवलं. वेळ वाचावा म्हणून ऑफिसच्या या लिनक्सवाल्या कॉम्प्युटरवर कार्ड लावताच फोटो आपोआप उघडायची सोय तिनेच करून ठेवली होती. तिने माउसवर झडप घातली, पण स्क्रीन भरून गेली होती. उसातली मादी आणि तिला लुचणारी दोन पिल्लं.

"पेटवा रे फड!" मागून कुणीतरी ओरडलं.

गजराबाई काठी आडवी धरून दारात उभी राहिली.

"शेळी माझी व्हती," ती म्हणाली. "त्या लेकुरवाळीच्या बाळंतपणाला गेली म्हनते मी. टाका काठ्या."